दुसरा ब्रेक

बाथरूमचं दार आतून लावून मास्तरांनी धाकट्याचा शर्ट नाकाशी धरला. आधी कॉलर, मग बगल, मग बाह्यांची टोकं. घामाचा वास आला, डिओचा आला, कुठल्याशा तेलकट खाण्याचा आला. जो वास शोधायचा होता तो यात आहे की नाही, हे मात्र कळेना, कारण तो वास कसा असतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

बाहेरून बायकोने दार वाजवलं आणि बरं वाटत नाही का म्हणून विचारलं. पोट जरा बिघडलंय, असं सांगून मास्तरांनी शर्ट धुण्याच्या बादलीत कोंबला आणि उगाचच नळ सोडला. आरशात स्वतःचा चेहरा दिसला तेव्हा त्यांना लाज वाटली. चोरी पोराची शोधायची आणि चोरासारखं वागायचं आपण.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते गाडी शिकवत. छोट्या पांढऱ्या गाडीच्या टपावर लाल अक्षरांची पाटी, आणि आत शेजारच्या सीटच्या पायाशी एक जादा ब्रेक. ज्या सीटपुढे स्टिअरिंग नाही त्या सीटवर बसून त्यांनी उभी हयात काढली होती. लोकांना वाटे, मास्तर म्हणजे भलता थंड माणूस. शिकणाऱ्याने गाडी बंद पाडली, चुकीच्या गल्लीत घातली, तरी त्यांचा आवाज चढत नसे. खरं तर मास्तर भित्रे होते. रस्त्यावर चेंडू आला की त्यामागून धावत येणारं पोर त्यांना आधी दिसे. उभ्या गाडीचं दार उघडायच्या आतच ते उघडलेलं दिसे. भीती हीच त्यांची खरी विद्या होती आणि तिच्यावरच त्यांचं घर चाललं होतं. ती घरात शिरली नव्हती एवढंच.

शाळेच्या सभेनंतर ती घरात शिरली.

धाकट्याच्या शाळेत वरच्या वर्गातली काही मुलं मैदानामागे गांजा ओढताना सापडली होती. मुख्याध्यापिकेने सगळ्या पालकांना बोलावलं आणि शाळेतल्या समुपदेशक बाईंना उभं केलं. बाई शांतपणे बोलल्या. मुलाचे डोळे लाल होतात, म्हणून ते डोळ्यांत थेंब घालू लागतं. तोंडाला कोरड पडते. अवेळी सपाटून भूक लागते. खोलीत सुगंधी फवारे मारले जातात, थंडीतही खिडकी उघडी राहते. बोलता बोलता वाक्य हरवतं, कारण नसताना हसू येतं, आवडीच्या गोष्टी सुटतात, मित्र बदलतात. मग त्यांनी हेही सांगितलं की यातली एखादी खूण म्हणजे पुरावा नव्हे. या वयात मुलं तशीही बदलतात. झडती घेण्याआधी बोला, आणि बोलण्याआधी ऐका. पण हे शेवटचं सांगणं सुरू झालं तोवर मास्तर मनाने घरी पोचले होते.

कारण सगळ्या खुणा धाकट्यावर बेतल्यासारख्या बसत होत्या. पंधरा वर्षांचं पोर, सुटीच्या दिवशी दुपारपर्यंत लोळत पडायचं. डोळे तांबारलेले. उभ्या उभ्या अर्धा पाव फस्त करायचं. फुटबॉल सोडून दिला होता, का ते सांगत नव्हता. त्याची आणि थोरल्या बहिणीची खोली एकच. मध्ये कपाट आडवं लावून तिचे दोन भाग केले होते. त्या खोलीचं दार हल्ली सदा लोटलेलं, खिडकी सताड उघडी, आणि आत गेलं की फुलांच्या फवाऱ्याचा नुसता घमघमाट.

बायकोला त्यांनी सांगून पाहिलं. ती दिवसभर पाळणाघरात दुसऱ्यांची पोरं सांभाळून दमून यायची. "त्याचं वयच आहे ते," ती म्हणाली. "तुम्ही त्याच्या वयाचे असताना दिवे लावले नव्हतेत का?" मास्तरांचं समाधान झालं नाही. गाडी सर्व्हिसिंगला टाकायला गेले तेव्हा त्यांनी मिस्त्रीला सहज विचारल्यासारखं विचारलं, गांजाचा वास कसा असतो रे. मिस्त्री गाडीखालून बाहेर न येताच म्हणाला, ओला पाला जाळल्यासारखा, पण त्यात एक उग्र गोडसरपणा असतो. कपड्यांत बसतो, केसांत बसतो. एकदा ओळखला की पुन्हा चुकत नाही. आपण का विचारलं हे त्याने विचारलं नाही, याचं मास्तरांना बरं वाटलं आणि भयही वाटलं.

त्यानंतर त्यांच्या मनाला उसंत राहिली नाही. शिकवताना शेजारचा माणूस गिअर शोधत धडपडत असे आणि मास्तर फुटपाथवरच्या शाळकरी पोरांचे चेहरे न्याहाळत असत. धाकटा घरी यायला जरा उशीर झाला की त्यांना पोलीस स्टेशनचं बाकडं दिसे, हॉस्पिटलची खाट दिसे. एकदा तर त्यांनी पाटी झाकून गाडी शाळेच्या कोपऱ्यावर लावली आणि पोराचा पाठलाग केला. धाकटा मैदानाकडे वळलाच नाही. थेट घरी आला. त्यानेही त्यांची खात्री पटली नाही. आज सावध असेल, एवढंच त्यांच्या मनात आलं.

शेवटी एका संध्याकाळी पोरगा आंघोळीला गेला असताना त्यांनी त्याचं दप्तर उपसलं. वह्या, चुरगाळलेले रुमाल, तुटका कंपास आणि तळाशी, मोज्यात गुंडाळलेला लायटर. त्याच्यासोबत डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली.

ज्या गोष्टीची इतके दिवस धास्ती घेतली ती हातात आली, तर थोडं तरी हलकं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही.

धाकटा डोकं पुसत बाहेर आला, बैठकीतल्या टेबलावर काय ठेवलंय ते त्याने पाहिलं आणि जागच्या जागी थांबला.

"कुणाचं आहे हे?" मास्तरांनी विचारलं.

"माझं नाही."

"तुझ्या दप्तरात आहे."

"हो. पण माझं नाही."

"मग कुणाचं?"

पोराची नजर क्षणभर बापाच्या खांद्यावरून मागे गेली आणि परत आली. मास्तरांनी पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा विचारलं, आणि तरी तोंडातून शब्द येईना तेव्हा त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. जन्मात कुणावर न उगारलेला हात होता तो. आवाज ऐकून बायको स्वयंपाकघरातून धावत आली. कपाटाच्या पलीकडे अभ्यासाला बसलेली मोठीही दारापर्यंत आली, चौकटीला धरून उभी राहिली आणि काही न बोलता परत आत गेली. धाकटा रडला नाही. त्याने गालाला हातसुद्धा लावला नाही.

घरात तेव्हापासून अबोला पसरला. धाकट्याचा मोबाइल काढून घेतला गेला. शाळेत सोडायला मास्तर, आणायला पाळणाघरातून मधेच निघून आई. तो सांगितलं तेवढं करी, विचारलं तेवढं बोले. बायको दोघांच्या मधे ताटं मांडून दोघांकडेही न बघता जेवत असे.

अशा दिवसांत मास्तरांना विसावा होता तो मोठीचा. ती अठराची झाली होती, मोठ्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. अभ्यासाची जबर; तिला कधी ऊठ म्हणावं लागलं नाही की बस म्हणावं लागलं नाही. मधे काही महिने परीक्षेच्या धसक्याने तिची झोप उडाली होती, चिडचिड करायची, नखं कुरतडायची. हल्ली मात्र ती निवली होती. संथ बोलायची, मधेच स्वतःशी हसायची. पोर सावरली, असं मास्तर बायकोला म्हणाले होते. रविवारी सकाळी ते तिला गाडी शिकवत. आठवड्यातला तेवढाच एक तास त्यांना मोकळा श्वास घेता येई.

एकदा शिकवताना त्यांनी तिच्यापाशी मन मोकळं केलं. धाकटा तुझ्याशी तरी बोलतो का, त्याच्या मनात काय आहे ते काढून घे, असं त्यांनी तिला विनवलं. ती कितीतरी वेळ आरशात मागचा रस्ता बघत राहिली. मग म्हणाली, "बोलेल बाबा तो. सोडा ना त्याला थोडं." थोरली बहीण शोभते, असं वाटून मास्तरांना भरून आलं होतं.

नंतरच्या एका रविवारी मोठी मैत्रिणीकडे अभ्यासाला राहिली होती. मास्तर गाडी घेऊन तिथेच गेले. ती जिना उतरून आली, गॉगल लावून, अंगाला अत्तराचा भपकारा. शिकताना गॉगल नको म्हटल्यावर तिने तो काढला आणि सीट पुढे सरकवू लागली. सीट आधीपासून पुढेच होती. ते लक्षात आल्यावर ती हसली. रात्रभर जागलीस वाटतं, मास्तर म्हणाले. ती हो म्हणाली.

गाडी निघाली. रस्ता मोकळा होता, गोदामांची लांबच लांब भिंत, बंद शटर्स, पुढे एक शाळा आणि शाळेपुढे पांढरे पट्टे. मोठी फार हळू चालवत होती. इतकी हळू की मागच्या सायकलवाल्याने पुढे जाऊन वळून पाहिलं. मास्तरांनी जरा वेग घे म्हटलं तर ती म्हणाली, "खूप जोरात चाललीये बाबा आपण." चेष्टा करतेय असं त्यांना वाटलं. तिच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. मास्तरांनी पाय उचलून आपल्या ब्रेकवर नेला.

पट्ट्यांवर एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उतरले. लांबूनच दिसत होते. मास्तर म्हणाले, ब्रेक. मोठीने ऐकलं, तिने मान हलवली. हो, म्हातारे आहेत, ब्रेक लावायचा आहे, हे सगळं तिला समजल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. पण पाय हलला नाही. गाडी त्याच संथ चालीने म्हाताऱ्यांच्या दिशेने जात राहिली.

मास्तरांनी ब्रेक दाबला. दोघंही पुढे झुकली. बॉनेट आणि म्हाताऱ्यांची काठी यांच्यात हातभर अंतर राहिलं असेल. म्हातारे थबकले, त्यांनी काच जवळून निरखली, काठीने बॉनेटवर एक ठोका दिला आणि आपल्या गतीने पलीकडे गेले.

आणि मोठी हसू लागली.

मोठ्याने नव्हे. तोंडावर हात धरून, खांदे हलवत, थांबता येत नसल्यासारखी. हॅण्डब्रेक ओढायला मास्तर तिच्या बाजूला कलले आणि तिच्या केसांतून, अत्तराच्या खालून, तो वास आला. ओला पाला जाळल्यासारखा. गोडसर.

मास्तरांनी आजवर नाना तऱ्हेची माणसं त्या सीटवर पाहिली होती. घाबरून पाय गारठलेली, डुलकी लागलेली, आदल्या रात्रीची उतरली नसलेली. पाय हलायला झालेला हा उशीर त्यातला कुठलाच नव्हता. त्यांनी मुलीच्या डोळ्यांकडे पाहिलं. इतके दिवस ज्या डोळ्यांकडे बघायचं त्यांना सुचलंही नव्हतं.

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. मास्तर खाली उतरले, तिला शेजारच्या सीटवर बसवलं आणि गाडी गोदामाच्या भिंतीशी नेऊन उभी केली.

मोठीचं हसणं थांबलं होतं. आता ती रडत होती. त्यांनी काही विचारायच्या आत तीच तुटक तुटक सांगू लागली. झोप येत नव्हती. डोळे मिटले की प्रश्नपत्रिका दिसायची. क्लासमधल्या मैत्रिणीने दिलं, डोकं शांत होईल म्हणाली. झालं शांत. आधी कधीतरी घ्यायची, मग घेतल्याशिवाय झोपच येईना, मग सकाळीही. वाचलेलं लक्षात राहत नव्हतं. सराव परीक्षांत ती किती खाली घसरली होती ते तिने घरात कुणाला कळू दिलं नव्हतं.

"आज गाडी चालवायची होती," मास्तर म्हणाले. "हे माहीत होतं ना तुला?"

"वाटलं, उतरली असेल."

त्यांनी काचेतून समोरच्या बंद शटरकडे पाहिलं. मग विचारलं, "लायटर?"

"माझा होता. थेंबसुद्धा. त्याने माझ्या पर्समधून काढून घेतले होते. मी घेऊ नये म्हणून."

"म्हणजे त्याला माहीत होतं."

तिने मान हलवली. खोली एकच, त्याला कळणारच होतं. एका रात्री तिने जास्त ओढलं आणि छाती इतकी धडधडू लागली की आपण आता मरणार असं तिला वाटलं. धाकटा तिचा हात धरून बसून राहिला. तेव्हापासून ती झोपल्याशिवाय तो झोपत नसे.

मास्तरांना तांबारलेले डोळे आठवले, दुपारपर्यंतचं लोळणं आठवलं, सुटलेला फुटबॉल आठवला. त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. गाडी बंद होती.

"आईला नका सांगू," मोठी म्हणाली.

"सांगायला लागेल," मास्तर म्हणाले. "मला एकट्याला नाही पेलायचं हे."

बायकोला त्यांनी स्वयंपाकघरात सांगितलं. ती ऐकत राहिली. हातातलं फडकं तिने घडी केलं, उलगडलं, पुन्हा घडी केलं. मग ती आत गेली आणि मोठीच्या पलंगावर तिच्यामागे बसून तिचे केस विंचरू लागली, लहानपणी शाळेत पाठवताना विंचरायची तसे. मोठी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

धाकटा गॅलरीत होता. मास्तर त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, चुकीची घेत होतं, आणि मास्तर सवयीने तिकडे बघत राहिले. माफी मागायची तर कुठल्या शब्दांत, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"सांगितलं का नाहीस?" शेवटी त्यांनी विचारलं. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

"तिने शपथ घातली होती."

"मी मारलं तेव्हा तरी."

धाकट्याने कठड्यावरचा सुटलेला रंग नखाने खरवडला. "मला वाटलं," तो म्हणाला, "मला मारलेलं बघून तरी ती सांगेल."

दाराच्या चौकटीत उभी राहून परत आत गेलेली मोठी मास्तरांच्या डोळ्यांपुढे आली. तिच्याकडे बघत, मार खाऊन वाट पाहणारं हे पोर आलं. आणि त्या दोघांच्या मधे, दोघांपैकी एकालाही न बघता, हात उगारून उभा असलेला एक माणूस.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

ते ठीक आहे, असं म्हणण्याइतका धाकटा लहान राहिला नव्हता. पण तो आतही गेला नाही. खालच्या गाडीवाल्याला शेवटी गाडी मागे घेता आली, तेव्हा कुठे बाप-लेक आत वळले.

मास्तरांनी शाळेतल्या समुपदेशक बाईंना फोन केला. त्यांनी एका डॉक्टरीणबाईंचं नाव दिलं. या वयाच्या मुलांना त्याच बघतात, म्हणाल्या. बाई रागावल्या नाहीत. सापडलं हे बरं झालं, त्या म्हणाल्या. आता रागावू नका आणि लगेच निर्धास्तही होऊ नका. हे दुसरं सांगायची गरज नव्हती. मास्तरांची निर्धास्ती कायमची गेली होती. मोठी न्हाणीघरात जरा जास्त वेळ राहिली की ते दाराबाहेर घुटमळत. ती शांत झोपली तर भीती, जागी राहिली तर भीती. ती एखाद्या विनोदावर हसली तरी त्यांच्या छातीत धस्स होई, आणि पोरीचं हसू ऐकून भ्यावं लागतं याचं दुःख त्यांना कुणाला सांगता येत नसे. परीक्षेचं यंदा नाव काढायचं नाही, असं ठरलं. गाडीचंही.

डॉक्टरीणबाईंकडे पहिल्या दिवशी चौघंही गेली. कुणी तसं ठरवलं नव्हतं. मोठी बूट घालू लागली, मागोमाग धाकट्यानेही घातले. दवाखान्याची खोली लहान होती. भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर चौघं एका ओळीत बसली. पलीकडे एक बाई रडक्या बाळाला थोपटत होती. चौघांपैकी कुणाला घाम फुटला होता, कुणी पाय हलवत होतं, आईने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळून ठेवला होता. बघणाऱ्याला कुणाचं दुखतंय ते सांगता आलं नसतं.

आतलं दार उघडलं. नर्सने चौघांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "पेशंट कोण?"

मास्तरांच्या तोंडाला कोरड पडली. ते उठायला लागले. उठून काय सांगणार होते ते त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. पण त्यांच्याआधी मोठी उभी राहिली.

"मी," ती म्हणाली.

ती एकटीच आत गेली आणि दार लागलं. तिचं जॅकेट खुर्चीवर राहिलं होतं. धाकट्याने ते उचललं, झटकलं, बाह्या आत दुमडून नीट घडी घातली आणि मांडीवर घेऊन तो दाराकडे बघत बसला.